टाकीचा व्हॉल्व्ह बंद, तरी नळ चालूच : जुन्या अपार्टमेंटमधल्या पाण्याचा घोळ कसा सोडवायचा

तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममधला एक नळ बदलायचा असतो. काम अर्ध्या तासाचं. पण त्यासाठी अख्ख्या बिल्डिंगचं पाणी बंद होतं, ग्रुपवर "कोणी बंद केलं?" सुरू होतं, खालच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या डोक्याला शाम्पू लागलेला असतो, आणि एवढा उपद्व्याप करूनही नळ काढल्यावर पाणी येतच राहतं. शेवटी मिस्त्री पाइपात चिंधी कोंबून काम उरकतो. पाणी परत सोडलं की चौथ्या मजल्यावर थेंब नाही आणि पहिल्या मजल्यावर गंजाचं लाल पाणी. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाच्या घरी काम निघतं तेव्हा पुन्हा हेच.

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड, कुठेही ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या तीन-चार मजली बिल्डिंगमध्ये राहत असाल तर यातलं काहीच नवीन नाही. सभेत विषय निघाला की कोणीतरी म्हणतं, "सगळी पाइपलाइनच बदलून टाका." मग अंदाजपत्रक येतं, आकडा ऐकून सगळे चहा घेतात आणि घरी जातात. माझं म्हणणं असं की पाइप बदलायचा विषय नंतर काढा. आधी कुठला व्हॉल्व्ह काय बंद करतो ते कागदावर आणा. ते माहीत नसेल तर नव्या चकाचक पाइपांनिशीही हाच तमाशा चालू राहतो.

फ्लॅटचा मेन व्हॉल्व्ह सापडत नाही, कारण तो नसतोच

गंगापूर धरणाचं पाणी असो, विल्होळीहून येणारं मुकणेचं असो किंवा नाशिकरोडकडे चेहेडीहून येणारं दारणेचं, बिल्डिंगच्या आत प्रवास सारखाच. मीटर, खालची टाकी, मोटर, गच्चीवरची टाकी. तिथून खाली उतरणाऱ्या लाइनी, म्हणजे डाउनटेक. मेख इथे आहे. जुन्या बिल्डिंगमध्ये या लाइनी फ्लॅटप्रमाणे उतरत नाहीत, एकावर एक असलेल्या बाथरूम आणि किचनप्रमाणे उतरतात. त्यामुळे एका टू बीएचकेला किचनचं पाणी एका लाइनीतून, कॉमन बाथरूमचं दुसऱ्या आणि बेडरूमच्या बाथरूमचं तिसऱ्या लाइनीतून येतं. प्रत्येक लाइन वरपासून खालपर्यंत तीन-चार घरांची सामायिक. एकाच घराचं सगळं पाणी बंद करेल असा व्हॉल्व्ह बिल्डरने कधी बसवलेलाच नाही. बाथरूममध्ये स्टॉप कॉक होते, पण नूतनीकरणात ते टाइल्समागे गाडले गेले किंवा त्यांची मूठ इतकी घट्ट झाली की हात लावायची भीती वाटते.

काही बिल्डिंगमध्ये किचनला मनपाचा थेट नळही असतो, तो टाकीशी संबंधित नाही. आणि बोअरचं पाणी वापराच्या टाकीत सोडलेलं असेल तर त्या लाइनीला वेगळा त्रास. आपल्याकडे खाली काळा कातळ. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. व्हॉल्व्हच्या आत पांढरा थर धरतो तो त्याचाच.

नकाशा कसा काढायचा

यासाठी मिस्त्री लागत नाही, दोन माणसं, दोन फोन आणि एक ऑइल पेंटचा डबा पुरतो. दुपारी, लोकांचा वापर कमी असताना करा. एक जण गच्चीवर, दुसरा घरोघरी. गच्चीवरचा एकच व्हॉल्व्ह बंद करायचा आणि खालून एकेक नळ सोडून बघायचा.

इथे घाई नडते. "बंद केला रे, बघ." "अहो काका, पाणी येतंय की अजून!" आणि लगेच "हा व्हॉल्व्ह आपल्या लाइनीचा नाही" असा निष्कर्ष. थांबा. व्हॉल्व्ह बंद केला तरी पाइपात पाणी भरलेलं असतंच. ४० मिमी आतला व्यास आणि १२ मीटर उंची धरली तर उभ्या लाइनीत साधारण १५ लिटर पाणी मावतं. म्हणजे एक मोठी बादली. वर प्रत्येक घरातल्या आडव्या फाट्यांतलं थोडं. म्हणून सगळ्यात खालच्या घरातला नळ पूर्ण सोडा, बादली लावा आणि दोन बादल्यांपर्यंत वाट बघा. त्याआधी धार मेली, तर लाइन तीच. त्यानंतरही चालूच राहिली, तर पुढचा भाग वाचा.

सापडलेल्या व्हॉल्व्हवर रंगाने क्रमांक घाला आणि टाकीच्या भिंतीवर त्याच क्रमांकासमोर लिहा, "पूर्वेकडची किचन, तळ ते चौथा". खडूने लिहू नका, पहिल्या पावसात जातं. त्याचा फोटो ग्रुपवर टाका आणि एक प्रत जिन्यातल्या मीटर बोर्डाजवळ चिकटवा. पाइप रात्री अकराला फुटतो, आणि त्या वेळी सेक्रेटरी नेमके पुण्याला मुलीकडे असतात.

बंद करूनही पाणी येतं : तीन कारणं, तिन्हीची लक्षणं वेगळी

बारीक पण अखंड धार, तासाभरानेही तेवढीच, असं असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीये. जुने व्हॉल्व्ह बहुतेक गेट व्हॉल्व्ह असतात. गोल चाक फिरवलं की आत पितळी पाचर खाली उतरते आणि खाचेत बसते. त्या खाचेत गाळ, गंजाची खपली किंवा बोअरचा थर साचला की पाचर शेवटचे दोन-तीन मिलिमीटर उतरतच नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला गढूळ पाणी आलं की टाकीच्या तळाशी बसलेला गाळ इथेच उतरतो.

यावर उपाय ताकद नव्हे. पाइप पाना लावून चाक आवळणारे मिस्त्री मी पाहिलेत. चाक तुटतं किंवा दांडा पिळवटतो. खालचा एक नळ पूर्ण सोडून ठेवा आणि वरचा व्हॉल्व्ह सावकाश बंद-चालू, बंद-चालू करा. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद होत आला की उरलेल्या फटीतून पाणी जोरात जातं आणि खाचेतला गाळ घेऊन जातं. खाली बादलीत काळपट कण दिसायला लागले की समजा, काम होतंय. चार-पाच वेळा केलं की बरेच व्हॉल्व्ह पुन्हा बसतात. चाक कितीही फिरवा, अडतच नाही, असं असेल तर दांडा आणि पाचर सुटी झालीत. तो व्हॉल्व्ह गेला. आणि चाकाच्या खालून, दांड्याभोवती पाणी झिरपत असेल तर घाबरू नका. तिथला ग्लँड नट पाव फेरा आवळा. नाही थांबलं तर आतली ग्लँड दोरी बदलायची, दहा-वीस रुपयांचं सामान.

दुसरं कारण जास्त मजेशीर आणि जास्त डोकेदुखीचं. व्हॉल्व्ह नीट बसलाय, तरी धार चांगली जाड. मधेच कमी होते, मधेच वाढते. याचा अर्थ कोणाच्या तरी घरात दोन लाइनी एकमेकींना जोडल्या गेल्यात आणि शेजारच्या लाइनीचं पाणी आडमार्गाने इकडे येतंय. कधी हे मुद्दाम केलेलं असतं. प्रेशर वाढावं म्हणून नूतनीकरणात दोन्ही लाइनी एकत्र. पण बऱ्याचदा कोणालाच कल्पना नसते. बाथरूमच्या माळ्यावर गीझर, त्याला थंड पाणी बाथरूमच्या लाइनीतून. त्याच गीझरचं गरम पाणी किचनच्या सिंकला नेलं, तिथे मिक्सर बसवला. मिक्सरला थंड पाणी किचनच्या लाइनीतून. झाल्या दोन लाइनी एका मिक्सरमध्ये एकत्र. आणि त्या मिक्सरला हँड शॉवरसारखी टोकाला बंद होणारी नळी असेल, गरम-थंड दोन्ही बाजू उघड्या ठेवून फक्त टोक बंद करायची सवय असेल, तर एका लाइनीतलं पाणी मिक्सरमधून, गीझरमधून उलटं दुसऱ्या लाइनीत उतरतं.

हे पकडायचं असं. संशयित लाइन बंद, तळमजल्यावर तिचा नळ चालू. मग गच्चीवरचे बाकीचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत जा. ज्याच्या बंद करण्याने खालची धार मरते, त्या लाइनीशी जोड आहे. तो व्हॉल्व्ह परत उघडा आणि या दोन्ही लाइनी ज्या ज्या घरात जातात तिथे गीझरखालचे अँगल कॉक एकेक करून बंद करा. ज्या घरात कॉक बंद केल्यावर धार थांबते, ते घर सापडलं. भांडण करायची गरज नाही. गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, बसवला की गीझरमधून बाथरूमच्या लाइनीत उलटा येणारा प्रवाह थांबतो. साठवणीच्या गीझरसोबत कंपनी सेफ्टी व्हॉल्व्ह देते, त्यात बहुधा ही सोय असतेच. बसवणारा तो खोक्यातच ठेवून जातो, हा आपल्याकडचा रिवाज. एक मात्र लक्षात ठेवा : साधा नॉन-रिटर्न एकटाच बसवू नका. पाणी तापून फुगतं तेव्हा जास्तीचा दाब सोडायला वाट हवी, म्हणून प्रेशर रिलीज असलेलाच घ्या.

तिसरं कारण वेळेवरून कळतं. गच्चीवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत आणि तरी पाणी येतंय, पण फक्त मनपाचं पाणी चालू असण्याच्या वेळेत. मग कोणीतरी थेट नळाची लाइन टाकीच्या लाइनीला जोडली आहे. हे लगेच तोडा. मनपाचं पाणी बंद झालं की टाकीतलं पाणी उलटं रस्त्यावरच्या लाइनीत जायला लागतं, आणि तुमच्या टाकीत काय आहे ते शेजारच्या बिल्डिंगच्या पिण्यात.

पाणी सोडलं, पण वरच्या मजल्यावर येत नाही

हवा अडकली, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. का अडकली ते बघायला कोणी गच्चीवर जात नाही.

टाकीतून निघालेल्या प्रत्येक डाउनटेकला, व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, एक बारीक उभा पाइप असायला हवा. तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर जाऊन उघडा संपतो, वरचं टोक बऱ्याचदा खाली वाकवलेलं असतं. तोच हवेचा पाइप. लाइन रिकामी होताना त्यातून हवा आत येते, भरताना बाहेर जाते. आता तुमच्या गच्चीवर जाऊन बघा. तो गंजून तुटलेला असेल आणि तिथे प्लग मारलेला असेल. किंवा कधीतरी टाकी भरून वाहत असताना त्यातूनही पाणी आलं, म्हणून कोणीतरी त्याला टोपी घातली असेल. शहाळ्यातली नळी वरून बोटाने दाबली की आतलं पाणी खाली पडत नाही, तशी या लाइनीची गत होते. मिस्त्री खाली नळ काढतो, थोडं पाणी येऊन थांबतं, त्याला वाटतं लाइन रिकामी झाली. तेवढ्यात वरच्या काकू सवयीने नळ सोडून बघतात, "आलं का पाणी?" वरून हवा आत शिरते आणि उरलेलं सगळं पाणी धाडकन मिस्त्रीच्या अंगावर.

दुसरी जागा म्हणजे गच्चीवरचा आडवा पाइप. वॉटरप्रूफिंगच्या वेळी कोबा घालून गच्चीची पातळी वाढते, पाइप उचलून विटांवर ठेवतात, कठड्याशी तो वर चढून मग खाली उतरतो. त्या उंचवट्यात हवा बसते. टाकीची पातळी त्या उंचवट्यापेक्षा फार वर नसेल तर पाणी ती हवा ढकलू शकत नाही. तिथे पाइप सरळ उतरता करून घ्या, किंवा उंचवट्याच्या माथ्यावर एक हवेचा पाइप काढा.

दुरुस्ती होईपर्यंत पाणी सोडायचा क्रम तरी पाळा. सगळ्या घरांना नळ बंद ठेवायला सांगा. सगळ्यात वरच्या घरात त्या लाइनीचा एक साधा नळ उघडा. मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह पाव भागच उघडा आणि थांबा. वर फुसफुस होऊन नीट धार लागली की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि मग खाली एकेक मजला. उलटं केलं, म्हणजे आधी तळमजल्याने नळ सोडला, तर लाइन भरतच नाही.

तरीही अडलं तर मिस्त्री लोक करतात ती युक्ती : मनपाचं पाणी चालू असताना तळमजल्यावरचा थेट नळ आणि अडलेल्या लाइनीचा नळ यांना नळीने जोडायचं, खालून दाब देऊन हवा वर टाकीत ढकलायची. चालते. पण काम होताच नळी काढा, वर सांगितलेल्या कारणासाठीच.

पहिलं पाणी मिक्सरला, शॉवरला, वॉशिंग मशीनला देऊ नका. जुने जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप आतून गंजलेले असतात. लाइन रिकामी होऊन परत भरली की खपल्या सुटतात. आधी बादलीचा साधा नळ, पाणी स्वच्छ होईपर्यंत. मशीनचं पाणी मंद झालं असेल तर इनलेटची जाळी काढून बघा, मेकॅनिक बोलवायच्या आधी. आणि पाणी बंद करण्यापूर्वी प्रत्येकाने गीझरचं बटण बंद करायचं, यात सूट नाही. लाइन रिकामी होताना नॉन-रिटर्न नसलेल्या गीझरमधलं पाणी खेचलं जाऊ शकतं, आणि कोरडा एलिमेंट तापला की जळतो.

प्रेशरसाठी दुसऱ्यांचे व्हॉल्व्ह आवळणारे

प्रत्येक बिल्डिंगमध्ये असा एक गृहस्थ असतो. राहतो वरच्या मजल्यावर आणि त्याची तक्रार खरी असते. १० मीटर उंचीच्या पाण्याने दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब मिळतो. टाकी त्याच्या शॉवरपेक्षा दोन-तीन मीटरच वर, म्हणजे त्याला ०.२ ते ०.३ किलो; तळमजल्याला त्याच्या चार-पाच पट. शेजारच्या लाइनीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून त्याला मिळतं जवळपास शून्य, कारण दाब उंचीचा आहे. गेट व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवला की मात्र पाचरीच्या कडा झिजतात आणि पुढे तो कधीच नीट बंद होत नाही. मग सेक्रेटरी वैतागून सगळी चाकं काढून घरी ठेवतो, आणि पाइप फुटला की चाक कुठे म्हणून शोधाशोध. चाकं जागेवर हवीत, गच्चीला कुलूप आणि किल्ली दोन घरांत. वरच्या गृहस्थांना बाथरूमपुरता छोटा बूस्टर पंप बसवू द्या, टाकीच्या लाइनीवर. मनपाच्या थेट लाइनीवर मोटर लावायला परवानगी नाही, तो विषयच नको.

आता खर्च कुठे करायचा

पहिला खर्च गच्चीवर : प्रत्येक डाउनटेकला चांगला फुल बोअर (आतलं भोक पाइपाएवढंच असलेला) बॉल व्हॉल्व्ह, शेजारी युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, त्यामुळे पुढच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही, आणि हवेचा पाइप. गेट व्हॉल्व्हच हवा असेल तर आयएस ७७८ या भारतीय मानकाचा छाप बघून घ्या. बॉल व्हॉल्व्हची दांडी पाइपाला समांतर म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद, लांबूनही कळतं. हे काम टाकी धुण्याच्या दिवशीच करा, टाकी तशीही रिकामी असते. एरवी आतून बूच मारून कसरत करावी लागते.

दुसरा खर्च डक्टमध्ये, म्हणजे पाइप उतरतात त्या उभ्या पोकळीत : प्रत्येक फाट्यावर, घरात शिरण्याआधी, बाहेरून हाताला येईल असा एक व्हॉल्व्ह. एका घराचं काम एका घरापुरतं राहायचं असेल तर याला पर्याय नाही. बंद फ्लॅटमध्ये गळती झाली तर कुलूप तोडावं लागत नाही ते यामुळेच. एकदम सगळे नको. ज्याच्या घरी काम निघेल त्याच वेळी, लाइन बंद आहेच म्हणून, त्या लाइनीवरच्या सगळ्या घरांचे बसवून घ्या. प्रत्येक लाइनीच्या तळाशी एक वॉशआउटचा कॉकही काढा, गाळ आणि उरलेलं पाणी तिथून जाईल.

जीआयला सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) जोडताना पितळी आट्यांचा अडॅप्टर, टेफ्लॉन टेप आणि हलका हात. प्लास्टिकच्या आट्यांवर सुतळी-सफेदा लावून आवळला की तो आज नाही तर उद्या चिरतो. गच्चीवरच्या सीपीव्हीसीला ऊन लागतं, म्हणून वरून रंग द्या, पण पाण्यात कालवायचा. ऑइल पेंट नाही. सांधे चिकटवायच्या सॉल्व्हंट सिमेंटच्या डब्यावर सुकायची वेळ लिहिलेली असते, ती पाळा, "लोक ओरडतायत" म्हणून लगेच पाणी सोडू नका.

पैशांचा वाद होणारच. सहकारी सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरची सामायिक पाइपलाइन, टाक्या, पंप आणि त्यांची गळती सोसायटीच्या खर्चाने. घराच्या आतलं सभासदाच्या. आपल्याकडे पुष्कळ बिल्डिंग सोसायटी नाहीतच, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. तिथे घोषणापत्रात सामायिक म्हणून काय लिहिलंय ते काढून वाचा. डक्टमधला फाट्याचा व्हॉल्व्ह कोणाचा, यावर तासभर चर्चा रंगू शकते. तो सोसायटीनेच बसवावा असं माझं मत, कारण त्याचा फायदा ज्याच्या घरी काम आहे त्याला कमी आणि बाकीच्यांना जास्त.

काम कधी काढायचं तेही ठरवा. मनपाने शटडाउन जाहीर केलं असेल तर त्या दिवशी नको आणि दुसऱ्या दिवशीही नको, तेव्हा पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं. टाकी भरणार नाही. हार्डवेअरचं दुकान उघडं असेल अशा दिवशी, सकाळची धावपळ संपल्यावर दहाला सुरू. आदल्या संध्याकाळी ग्रुपवर लाइनीचा क्रमांक टाकून लिहा : "उद्या १० ते १, लाइन ३, फक्त पश्चिमेची बाथरूम. किचन चालू. गीझर बंद ठेवा, नळ उघडे ठेवू नका." सलूनवाल्याला मात्र प्रत्यक्ष जाऊन सांगा, तो ग्रुपवर नसतो.